कालव्यावरून परतताना

पोलीस भरतीच्या तयारीसाठी प्रतीक्षा रोज सकाळी कालव्याच्या काठानं धावायची. वाटेतल्या वावरात झेंडू तोडणारी मनकर्णाबाई हटकून म्हणायची, "जाय माय, लवकर ये."

त्या दिवशी बाभुळबनाला वळसा घालून ती परतली, तर मनकर्णाबाई विळा उगारून वाटेत उभी.

"कोन व तू? आमची पोरगी कुठं हाय?"

"मावशी, मीच हावो नं, प्रतीक्षा!"

"तिचं तोंड घेऊन आली म्हनून मी फसीन?"

ओळखीचा कुत्राही दात विचकून गुरगुरला. प्रतीक्षा दोन पावलं मागे सरली. तेवढ्यात मनकर्णाबाईची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, आणि तिचा चेहरा उजळला.

बाभुळबनातून धापा टाकत हाक आली. आवाज प्रतीक्षाचाच होता.

"मावशी, तिले जाऊ देऊ नोका!"