उरलेला मीटलोफ

नवऱ्याला, मर्लला हार्ट अटॅक आल्यापासून लव्हॉन मीटलोफमध्ये, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या खिम्याच्या लादीत, बीफऐवजी टर्की कोंबडीचा कमी चरबीचा खिमा घालायची, पावाच्या चुऱ्याऐवजी ओट्स आणि भरीला बारीक चिरलेले मशरूम. मर्ल जेमतेम एक काप खाऊन ताट सरकवायचा. "आईच्या हातचा मीटलोफ खाऊन बाबा नव्वदीला टेकले. हे कसलं कोंबड्यांचं खाद्य!" सकाळी कॅफेत गप्पा ठोकायला निघाला, की उरलेला मीटलोफ डब्यात भरून न्यायचा. "तिथल्या कुत्र्याला तरी घालतो." लव्हॉनला ते लागायचं, तरी पुढच्या वेळी ती पुन्हा तसाच करायची.

मर्लला मूठमाती दिली त्या संध्याकाळी त्याचा कॅफेतला मित्र रॉजर घरी आला. गावातल्या बायकांनी आणून दिलेल्या जेवणानं ओटा भरला होता. त्यातच त्यानं आपलं भांडं ठेवलं. "मीटलोफ आहे. जन्मात पहिल्यांदा ओव्हन लावला, हसू नकोस."

मान राखायला तिनं एक घास घेतला आणि थबकली. टर्की. ओट्स. मशरूम. "हे तुला कुणी शिकवलं?"

"मर्लनं. माझी अँजिओप्लास्टी झाल्यापासून डोकं खायचा, लव्हॉन करते तसा करून खा म्हणून."

"आणि स्वतः मात्र कुत्र्याला घालायचा," ती म्हणाली.

"कुत्र्याला?" रॉजर बघतच राहिला. "कॅफेत कुठलं आलंय कुत्रं? डबा उघडून आमच्यासमोर एकटा खात बसायचा. कृती तेवढी सांगायचा गं, घास कधी दिला नाही कुणाला!"