थोपटलेली भिंत

जमिनीखालच्या बोगद्यात किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं मातीच्या जाडजूड भिंतीआड कायमची ठेवली होती. ती भिंत रचणाऱ्यांत तिचे बाबाही होते. मातीचा ठोकळा नीट बसला की ते त्याला तळहाताने थोपटायचे. दोनदा सावकाश, मग एकदा हलकेच. लहानपणी तिलाही ते असंच थोपटून झोपवायचे.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, आणि त्या मातीतल्या दाबावर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे आलं होतं.

आज दुपारी पडद्यावरची रेषा अचानक उसळली. दोनदा सावकाश, मग एकदा हलकेच. पुन्हा तसंच.

"अगं, माती पाणी पिऊन फुगतेय," शेजारचा म्हातारा तंत्रज्ञ म्हणाला. "उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

"फुगू दे की, काका," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. बाबांच्या हाताची ऊब तिला पाठीवर जाणवत होती. हे असंच चालू राहावं, एवढंच तिला वाटत होतं.

तेवढ्यात रेषा सपाट झाली.

तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली. बाबा थोपटणं थांबवायचे ते दोनच वेळी. पोर गाढ झोपली की, नाहीतर उठून बसली की.

पडद्यावर भिंतीच्या आतून, पिंपांच्या बाजूने येणारा दाब हळूहळू वाढू लागला.