संताचं तोंड भिंतीकडे

कोनाड्यातल्या संत व्हिन्सेंटच्या मूर्तीचं तोंड आठ वर्षं भिंतीकडे होतं. फिलोमेननेच रागाने ते वळवलं होतं. द्राक्षमळ्यांचा राखणदार म्हणवून घ्यायचं आणि एप्रिलात कोवळे कोंब हिमाने जळू द्यायचे? वर जुलैत गारा? मग बसा भिंत बघत!

त्या साली तिच्या आईने लावलेल्या मळ्यात जेमतेम पिंपभर रसाची द्राक्षं उरली. बारकी, आंबटढाण. एरवी साऱ्या मळ्यांचा रस एकत्र करायचा, पण तिचा नवरा अरिस्तीद अडून बसला. "हे आंबट पाणी माझ्या चांगल्या रसात नको." म्हणून त्या रसाची शँपेन वेगळी भरली आणि बाटल्या तळघराच्या कोपऱ्यात पडून राहिल्या.

पुढची सगळी वर्षं कशी लख्ख गेली! ना हिम, ना गारा. त्या मळ्याचा रस तेव्हापासून वेगळाच ठेवायचे; द्राक्षं साखरेसारखी, शँपेन मात्र मवाळ. दुसऱ्या घोटाला पाहुणे पेंगायचे. मळा म्हातारा झाला, वेली उपटू, असा अरिस्तीदने हेकाच धरला. शेवटी फिलोमेनने अट घातली: आधी कोपऱ्यातली बाटली चाखायची. तीही फुसकी निघाली, तर खुशाल उपट.

आज अरिस्तीदने बाटली उलटी धरली, बूच काढून तोंडाशी साचलेला गाळ फेसाबरोबर झटक्यात उडवला, दोन पेले भरले. घोट घेतला. त्याची मिशी जागच्या जागी थांबली.

फिलोमेनला आईचे चिखलाने माखलेले लाकडी बूट आठवले. दाराशी ते काढताना आई नेहमी गुणगुणत असे.

"बोल की म्हाताऱ्या! उपटायच्या का?"

त्याने आणखी एक घोट घेतला. मग तिसरा. मिशी पुसली.

"पन्नास वर्षं तुझ्याशी संसार केला," तो म्हणाला. "आंबटपणातच दम असतो, हे मला आधीच कळायला हवं होतं. कुदळ ठेवून येतो जागेवर."

फिलोमेन पेला घेऊनच कोनाड्यापाशी गेली. संताच्या पाठीवरची धूळ तिने एप्रनने पुसली, त्याला सरळ केलं. खिडकीबाहेर एप्रिलचं निरभ्र आकाश होतं.

"चुकलं बाबा माझं," ती म्हणाली. "पण आता जरा मळ्याकडे लक्ष दे. यंदाही नुसतं ऊनच पडतंय!"