घरात फक्त मँडरिन

“धंद्यासाठी मँडरिन शिकव पोराला, पण माझ्याशी भांडण्यापुरती तरी कँटोनीज राहू दे की गं,” हाँगकाँग सोडताना सासरे म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं. शांघायच्या घरात फक्त मँडरिन, हा नियम माझाच. आज माझा मुलगा हॉक-यिन वडिलांच्या गिऱ्हाइकांशी अस्खलित बोलतो; निवड अचूकच होती. तिकडे एकट्या राहणाऱ्या सासऱ्यांना मँडरिनचा एकच शब्द येतो: छान. व्हिडिओवर नातवाच्या प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. काल त्यानं विचारलं, “आजोबा, कपाळाला पट्टी कशाची?”

“छान!” म्हणत त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून माझाही उचलत नाहीत.

हाँगकाँगच्या शेउंग वानमध्ये कुणी राहत असाल, तर त्यांच्या सुक्या मासळीच्या दुकानात डोकावून कँटोनीजमध्ये विचाराल का, काय लागलंय ते?