जनरलसाहेबांची नदी

मुलांनो, समजा, अमेरिकेत जॉर्जियातल्या एका शाळेच्या रंगमंचावर पसरलेली निळी चादर म्हणजे नदी आहे. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या जनरल प्रूइट यांनी लहानपणी एका बुडत्या गुलाम मुलीला वाचवलं, हे नाटक तिथे दरवर्षी व्हायचं. यंदा बुडायचं काम ओझेला नावाच्या मुलीकडे आलं.

तिची आजी फणकारली, "ती मुलगी माझी पणजी गं! पोहता तिलाच येत होतं. तिनेच त्याला बाहेर काढलं."

ओझेलाने हे बाईंना सांगितलं. बाई गोड हसल्या. "चौकात पुतळा कुणाचा आहे, सांग बरं? मग! तू आपली नीट बूड."

प्रयोगात छोट्या जनरलने ऐटीत उडी मारली. ओझेलाने त्याला काखोटीला धरून काठावर आणलं आणि पाठ थोपटत विचारलं, "नाकातोंडात पाणी गेलं का रे?"