तीन ओळखीचे

नोकरी जाऊन आठ महिने झाले, तरी कोलकात्याच्या परिमलबाबूंच्या ताटातला मासा काही सुटला नव्हता, सगळं उधारीवर. नव्या नोकरीच्या अर्जात 'तुम्हाला चांगलं ओळखणारे तीन जण' असा रकाना आला, तेव्हा त्यांनी मासेवाला, मिठाईवाला आणि वाणी यांची नावं लिहिली.

"अहो, या तिघांना चुकवायला तुम्ही गल्ली बदलून जाता ना?" बायकोने विचारलं.

"म्हणून तर. माझ्या नोकरीची त्यांच्याइतकी काळजी तुलाही नाही."

चार दिवसांनी नव्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. "परिमलबाबू, तिघांनीही तुम्हाला अगदी देवमाणूस ठरवलंय. फक्त एक कळलं नाही."

"काय साहेब?"



"फोन ठेवताना तिघांनीही, आमच्याकडे पगार कितव्या तारखेला होतो, असं का विचारलं?"