नवंकोरं जाळं

"कप्तान, इथे जाळं ओढू नका," समुद्रजीवांच्या अभ्यासासाठी ट्रॉलरवर आलेली हेमांगी काकुळतीने म्हणाली. पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आर्क्टिकच्या तळाची पोवळ्यांची बाग दिसत होती, शिवकाळापासून तसूतसूने वाढलेली, माशांची पिल्लं पोटाशी घेतलेली.

"ताई, बागेची हौस घरी आमच्या मंडळींना. मला मासळी हवी," कप्तान पालशेतकर हसले.

जीवदयेची भाषा इथे कामाची नाही, हे ओळखून तिने त्यांना पटेल असं सांगितलं, "पोवळं दगडासारखं कठीण असतं. तुमचं नवंकोरं जाळं फाटेल."

पालशेतकर गंभीर झाले. त्यांनी जाळं थांबवलं. हेमांगीने मनोमन हात जोडले.

सकाळी खडखडाट ऐकून ती डेकवर धावली. बोटीमागे जाड लोखंडी साखळी तळापर्यंत सोडली होती.

"बरं झालं सांगितलंत," पालशेतकर तिच्यापुढे चहा धरत म्हणाले. "आधी साखळी फिरवून तळ साफ करून घेतो. जाळं दुपारी टाकू."